राखणदारापुढची शंभर पावलं

रेडीचा रिक्षावाला गुरुदास समुद्राला भीत नाही, पोलिसांना बेताचाच भितो. त्याला भीती एकाच जागेची: खाडीलगतच्या मातीच्या रस्त्यावर, गावाची वेस सांभाळणाऱ्या राखणदाराच्या घुमटीपुढची शंभर पावलं.

देवापुढून भरधाव जायचं नाही आणि रेंगाळायचं तर मुळीच नाही, असा रिवाज. म्हणून सगळे तिथे पंचवीसच्या वेगावर येतात. त्या हजारो चाकांनी मातीत पन्हळी पत्र्यासारखे वरंबे पाडलेत. पंचवीसला गुरुदासची रिक्षा अंगात आल्यासारखी थरथरते, चाकं जमिनीला जेमतेम टेकतात आणि हँडल वळवलं तरी गाडी खाडीकडे सरकते. अठरा वर्षांत त्याने राखणदाराला सहा कोंबडे दिले. शॉकअप एकदाही बदलले नाहीत.

यंदा त्याच्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "धक्के बसू देऊ नका. पुन्हा सुटला तर माझ्या हातात काही नाही."

डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला मागे बसवून परतताना गुरुदासने मेहबूबच्या गॅरेजवर रिक्षा थांबवली.

"झोपाळ्याक बरोबर वेळेक टिचकी मारलीस तरी तो आढ्याक लागता," मेहबूब म्हणाला. "पंचवीसाक वरंब्यांचो आणि तुज्या चाकांचो ठेको एक जाता. आवरूचा काम शॉकअपचा, ते कधीच मेले. नवे आज गावूचे नाय. दहाच्या वेगान जा, ठेको चुकव."

"राखणदारापुढे दहान?"

"मगे कोंबडो बसव पुढे."

घुमटी आली. गुरुदासने वेग दहावर आणला. रिक्षा नुसती हलके डुलत होती. ती शांतता त्याला सोसवेना.

"रेंगाळतस कित्याक रे?" आई मागून ओरडली. "बेगीन सोड!"

अठरा वर्षांच्या सवयीने मूठ आपोआप पिळली गेली. काटा वीसच्या पुढे गेला. पत्रा खडखडला, हँडल हलकं पडलं, खाडी जवळ आली. आरशात आईचे दोन्ही तळवे पट्टीवर दाबलेले दिसले. त्याने मूठ सोडली. थरथर जशी आली तशी विरली. उरलेली पावलं तो श्वास धरून दहाने गेला.

डांबर लागल्यावर आई म्हणाली, "आज मधीच धरल्यान आणि मधीच सोडल्यान. राखणदार रागावलो तुज्यार."

गुरुदासने झोपाळ्याचा दाखला दिला. आईने हात जोडले, बहुधा त्याच्यासाठी.

पट्टी सुटायला तीन दिवस होते. तेवढे दिवस घरात कुणी डोळ्याचं नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी पट्टी निघाली. आई बराच वेळ मुलाकडे बघत राहिली.

"शर्टाचा बटण खंय पाडलंस?" तिने विचारलं.

गुरुदास खालीच बसला.