सोफ्याच्या बुडाचं कापड

सोफा उलटा केला, बुडाच्या पिना एकेक करून उपटल्या, धुळीने राखाडी झालेलं कापड ओढून काढलं, उलटवलं आणि मी मटकन खाली बसले. आतली बाजू वांगी रंगाची होती. माझ्या हातात माझ्या आईची साडी होती.

एका रंगाच्या शंभर साड्या असतात, हे मलाही कळतं. पण कडेपासून वीतभर आत बोटाच्या पेराएवढं रफू होतं, हिरव्या दोऱ्याचं. सहा वर्षांची असताना दिवाळीत पेटती फुलबाजी त्या साडीला मीच टेकवली होती. मशीनवर तेव्हा हिरवा दोरा चढवलेला होता. "आता दोरा बदलत कोण बसतंय," असं म्हणून आईने वांगी साडीवर हिरवं रफू केलं आणि पुढे कितीतरी लग्नांना ती साडी तशीच नेसली. त्या रफूवर मी बोट फिरवलं.

धायरीत आमचा सोफे बनवायचा आणि जुने सोफे नवे करायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे खाली पत्र्याची मोठी शेड आणि वर भावाचं घर. वडील गेल्यावर आई आणि भाऊ तो चालवायचे. आई कापायची, शिवायची. भाऊ लाकूडकाम आणि ठोकाठोकी करायचा. आई गेल्यावर तिच्या मशीनवर मी बसले. शनिवार पेठेतून रोज येते, जाते.

आल्या आल्या पहिलं काम केलं ते पसारा काढायचं. या धंद्यात मालापेक्षा उरलेलाच माल जास्त साठतो. फोमचे कपटे, रेक्झिनचे तिरके तुकडे, पट्ट्यांची टोकं, काथ्या. आई सगळं ठेवायची. मी तीन पोती केली. हातभर लांबीचे तुकडे एकात, वीतभराचे दुसऱ्यात, त्याहून लहान ते तिसऱ्यात. तिसरं भरलं की बाहेर. पसारा म्हटलं की माझं डोकं फिरतं, आजचं नाही, लहानपणापासून. आईने गोधडीसाठी कितीतरी वर्षं जमवलेल्या चिंध्यांचं गाठोडं मी एकदा माहेरपणाला आले असताना भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. आई काही बोलली नाही. मला वाटलं, तिलाही सुटल्यासारखं झालं असेल.

आईचा एक नियम मात्र मी मोडला नाही. गिऱ्हाइकाच्या सोफ्यातून जे निघेल ते गिऱ्हाइकाचं. पेन, कानातलं, पत्त्यांतला हरवलेला गुलाम, सगळं डब्यात ठेवून परत करायचं. कुठल्या सोफ्याचा कुठला तुकडा कुठल्या पोत्यात आहे, हे मी डोळे मिटून सांगायची. त्याचा मला फार ताठा होता. आणि आईच्या साड्या कुठे गेल्या, हेही मला पक्कं ठाऊक होतं. वहिनीने लाटल्या होत्या.

आई गेली ते लॉकडाऊनचं वर्ष. आमच्या पेठेचे रस्ते पत्रे ठोकून बंद केलेले, मी इकडे, ती तिकडे. पत्रे निघाल्यावर दोनदा भेट झाली, तेवढीच. पाऊस सरता सरता तिचं हृदय बंद पडलं. तेराव्याला मी तिचं कपाट उघडलं. वीस-बावीस साड्या असायच्या त्या कपाटात चार उरल्या होत्या. वांगी नव्हती. मला तीच हवी होती, दुसरं काही नको होतं. मी तशीच बाहेर गेले आणि पाहुण्यांसमोर वहिनीला विचारलं, "आईच्या साड्या कुठे आहेत?"

वहिनी पानं वाढत होती. वर न बघता म्हणाली, "सोफ्यांना लावल्या."

कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला असं उत्तर ऐकू येतं ते एकाच अर्थाने. दुकानात बटाटे आहेत का विचारलं, तर "नाही, दगड विकतो आम्ही," असं ऐकत आपण वाढलेलो. मी म्हटलं, "वहिनी, आई जाऊन तेरा दिवस झालेत, आज तरी टोमणे मारू नका." ती एकदा माझ्याकडे बघून आत गेली. भावाला विचारलं तर त्याने हात झटकले. "साड्यांचं मला काय कळतंय? तुमचं तुम्ही बघा." झालं. मी निकाल लावून मोकळी झाले.

तेव्हापासून पाच वर्षं मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. रोज थर्मास घेऊन येते. वरून ती चार वाजता चहा घेऊन उतरते, भावाला देते, मी माझ्या थर्मासचं झाकण उघडते. बोलणं कामापुरतं. ती मला "ताई" म्हणायची ते मात्र तिने सोडलं नाही.

जमिनीवर बसल्या बसल्या मी भावाला हाक मारली. कापड त्याच्यासमोर धरलं. "हे तू ठोकलंस?"

त्याने सोफ्याकडे बघितलं. "लॉकडाऊनमधलाच हा. आधीची कामं अर्धवट पडली होती, कापडाची दुकानं बंद. आई कापून द्यायची, मी ठोकायचो. म्हणायची, बुडाकडे कोण बघतंय."

"ही तिची साडी आहे."

"हो?" तो म्हणाला. खरंच कळलं नव्हतं त्याला. आईसारखी आई, तिची साडी याने पिना मारून ठोकली आणि याला पत्ताही नाही! मला त्याचा राग आला, मग लगेच लाजही वाटली. पाच वर्षांत किती सोफे आपल्या हातून गेले, त्यांतल्या किती बुडांचं कापड मी न बघता गुंडाळून परत दिलं, कुणास ठाऊक.

नियमाप्रमाणे ते कापडही गिऱ्हाइकाचं होतं. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा तो सोफा. मी फोन केला. बुडाचं जुनं कापड मला ठेवायचंय, चालेल का?

"अहो, त्यात काय विचारायचं?" त्या म्हणाल्या. "पण मी नवं कापड सांगितलं असताना जुनं का लावलं, ते मात्र मी विचारणार."

मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमचंच आहे की ते. आणि माझ्या सोफ्याला आता चांगलं लावा."

पाच वर्षांत मी तो जिना चढले नव्हते. वहिनी ओट्याशी चहाचं आधण ठेवत होती. मी कापड तिच्यापुढे केलं आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "वहिनी, तुम्ही खरं सांगितलं होतंत."

"हो," ती म्हणाली. गॅस बारीक केला, हात पुसले, कापड घेतलं. रफूवर तिचंही बोट थांबलं.

"मग पुन्हा का नाही सांगितलंत? मी इतकं बोलले तुम्हाला."

"एकदा सांगितलं होतं, ताई. तुम्हाला नको होतं ते ऐकायला."

मी रडायला लागले. मग मनात होतं ते विचारूनच टाकलं. "बाकीच्या जाऊ देत. पण ही? ही मला हवी आहे, हे तिला माहीत नव्हतं का?"

वहिनीने कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मी म्हटलं होतं त्यांना. ही कापू नका, ताईंना ठेवा. कात्री हातातच होती त्यांच्या."

"मग?"

"म्हणाल्या, तिला कशाला? ती जुनं ठेवत नाही. भंगारात देईल."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात टोमणा नव्हता. तेराव्यालाही नव्हता.