हँडलवरच्या डबीतलं तेल

ब्रेक ऑइलचा वास आला की माझं तोंड अजूनही कडू होतं. अख्ख्या बोईसरची इंजिनं माझी चाहूल लागताच आपोआप सुरू होतात, असं मी तेव्हा सांगत फिरायचो. म्हणून मित्राच्या बाइकचा हायड्रॉलिक क्लच ढिला पडला तेव्हा "एअर धरलीय, दहा मिनिटांचं काम," म्हणत मीच हँडलवरच्या डबीत ब्रेक ऑइल ओतलं. त्या क्लचला वेगळं तेल लागतं, हे आतले रबर फुगून तो जाम झाल्यावर मला कळलं. मित्राला मात्र मी फक्त आत अडकलेली हवा काढली, एवढंच सांगितलं होतं. मित्र मला घेऊन तावातावाने वाणगावच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेला, कारण गाडीची सर्व्हिसिंग नुकतीच त्या म्हाताऱ्याने केली होती. म्हाताऱ्याने तेलात बोट बुडवून हुंगलं. "ह्यात ब्रेकचं तेल हाय. आमी नाय टाकलं." "मग काय भुताने टाकलं?" मित्र गिऱ्हाइकांसमोर ओरडला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, बाबा." आयुष्यात पहिल्यांदाच मी थोडक्यात बोललो, "वय झालं, काका. होतं असं." त्यानंतर आमच्याकडच्या पोरांनी त्याच्याकडे गाड्या नेणं सोडलं. मित्र आजही गाडी मलाच दाखवतो.