मनवेल सर उभे राहतात तेव्हा

मनवेल सरांची नि माझी पहिली गाठ आठवीच्या वर्गात पडली. विज्ञानात मी सपशेल आपटलो होतो. सरांनी मला उमेळ्यातल्या त्यांच्या घरी बोलावलं, मे महिन्याची अख्खी सुट्टी ओटीवर बसवून शिकवलं आणि वर रोज जेवूही घातलं. अशा माणसाशी मी वर्षभर अबोला धरला, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात आधी कबूल केलं पाहिजे.

कारण निवडणूक. पालिकेला माझा दादा मोठ्या पक्षातर्फे उभा होता आणि सर अपक्ष. सर निवडून येणार नाहीत, हे सरांसकट सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते मतं खाणार आणि दादा पडणार, हेही दिसत होतं. माघारीच्या शेवटच्या दिवशी मी शहाणा त्यांचा माघारीचा अर्ज स्वतःच भरून घेऊन गेलो. फक्त सही बाकी! सर रागावले नाहीत. चष्मा लावून अर्ज वाचला, माझं अक्षर सुधारल्याचं कौतुक केलं. मग म्हणाले, “गावातला नाला इमारतींच्या भरावाखाली बुजतोय. दरवर्षी घरांत पाणी शिरतं. तुझा दादा उद्याच्या सभेत एवढं बोलणार असेल, तर आत्ता सही करतो.”

मी तिथूनच दादाला फोन लावला. “वेडा आहेस का? बिल्डर तोंड फिरवतील!” दादा खेकसला. सरांनी पेनाला टोपण लावलं.

“अहो सर, मतं फुटून तो पलीकडचा येईल!” मी कळवळून म्हणालो.

“येऊ दे. दोघंही आमची मतं न विचारता आपलीच धरून चालतात. ती एकदा वेगळी दिसू देत. मग तरी कोणी नाल्यापाशी येऊन उभा राहील.”

दादा पडला. सरांची मतं त्याला मिळाली असती, तर सहज आला असता. दुसऱ्या दिवशी सर आमच्या दारात हजर! दादा खोलीबाहेर आला नाही, मी पाठ फिरवली. सर आईला म्हणाले, “तुमच्या मुलाला मी पाडलं. मला खरंच वाईट वाटतंय.”

आईने पदराला हात पुसले. “वाईट कशाला वाटून घेता सर? दर साली पानी माझ्याच चुलीपर्यंत येते. मी बी तुमालाच मत दिलं.”

चूक मला तिथेच कळली होती, पण सरांकडे जायला पाय उचलेना. वर्षाने एकदाचा गेलो, तेव्हा त्यांनी “जेवलास का?” एवढंच विचारलं. मला रडूच आलं.

आता दादा पुन्हा उभा राहतोय. त्याच्या पत्रकात पहिलीच ओळ नाल्याची आहे आणि मसुदा दाखवायला तो सरांकडेच गेला होता. सर या खेपेला उभे राहणार नाहीत.

सर, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो आणि गुडघेही धड राहोत, कारण तुम्हाला उभं करण्याचं त्यांचं काम अजून संपलेलं नाही. दादा निवडून आला आणि नाला विसरला, तर पुढच्या वेळी तुमच्या अर्जावर सूचक म्हणून सही माझी. दादालाही हे सांगून ठेवलंय.