धूर कुठे चाललाय ते बघून केलेली माहेरवारी

मला दमा आहे आणि माझं माहेर शिरोळला, ऐन उसाच्या पट्ट्यात, जिथे थंडीत शेतांतून धूरच धूर असतो. त्यामुळे बारा वर्षं मी हिवाळ्यात तिकडे फिरकले नव्हते. गुऱ्हाळं सुरू झाली की माझे वडील, आबा, काकवीचा डबा एसटीने पुण्याला धाडायचे. 'ये' मात्र कधी म्हणायचे नाहीत. यंदा डबा उघडला आणि रडूच आलं. गुऱ्हाळावर आबांशेजारी बसून एकदा तरी गरम काकवी खायचीच, म्हटलं, आणि जानेवारीतलं तिकीट काढलं.

रेल्वेने जयसिंगपूरला उतरा. स्टेशनबाहेर मिसळ खा, सोसत असेल तर वरून कट मागा. पुढे शेअर रिक्षा वीस-तीस रुपयांत शिरोळला सोडते. दुपारी पोहोचले तेव्हा ऊन होतं, छान वारा होता. उगाच घाबरत होते असं वाटलं.

संध्याकाळी वारा पडला आणि शेजारच्या तानाजीदादाने तोडणी झालेल्या फडातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलं. थंडीत जमिनीलगतची हवा गार होते आणि वर उबदार थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. धूर वर जाईना, गावभर लोळत राहिला. मी पंप घेऊन दारं लावून बसले. सकाळी अंगणातली तुळसही दिसत नव्हती. परत निघावं म्हणून मी बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात कुंपणापाशी आबांचा आवाज आला. "तानाजी, ऱ्हायलेलं आज दुपारी पेटव की. उन्हात धूर वर जातोय."

"आबा, दुपारी वारं असतंय. जाळ तुमच्याच उभ्या उसात शिरला तर? सांजच्याला पेटवतोय ते काय हौस न्हाय."

त्याचंही खरंच होतं.

"शिरू दे. लेक आलीया."

दोघांनी बांधालगत पट्टा साफ केला, पाण्याचा पाइप जवळ ठेवला आणि दुपारी पाचट पेटवलं. धूर खरंच वर चढला आणि विरून गेला. आबांच्या उभ्या उसाच्या दोन सऱ्या करपल्या. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मग आम्ही गुऱ्हाळावर गेलो. गरम काकवी, भाकरी आणि शेजारी आबा. तासभर बसलो. थंडीत जाणार असाल तर अकरा ते चार बाहेर फिरा, पहाटे दार उघडू नका.

पुण्यात परतल्यावर चौथ्या दिवशी आबांचा फोन आला.

"नवी काकवी झालीया. धाडू का ठेवू?"

"ठेवा," मी म्हटलं.