हे डोंगरावर जातात तेव्हा

भूकंपवाल्या माणसाबरोबर संसार केला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच घरात येऊन बसतात! आमचे हे सिंगापुरात बुओना व्हिस्टाजवळच्या एका संशोधन संस्थेत भूकंपमापक यंत्रं सांभाळतात. सुमात्रातल्या ज्वालामुखीवर जाऊन ती बसवतात, दुरुस्त करतात. हे सुखरूप खाली उतरेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण त्याच कामाने चांगली माणसंही दिली.

*

शेजारच्या चिनी आंटीने लिफ्टमध्ये विचारलं, "हिअर नो अर्थक्वेक लाह! युवर हजबंड होल डे डू व्हॉट?"

माझ्या बारावीच्या इंग्लिशमध्ये मी सांगितलं, "इथे बसून शेजाऱ्यांच्या घरची आदळआपट ऐकतात." शेजारी म्हणजे इंडोनेशिया, हे सांगायचं राहिलं!

त्या दिवसापासून आंटी नवऱ्याशी अगदी हळू बोलते.

*

सुजाता नागपूरची, ह्यांच्याच संस्थेत पीएचडी करते, रविवारी आमच्याकडे जेवते. एकदा तिने दोन पोळ्या घेऊन मला समजावलं, "समुद्राखालची एक प्लेट दुसरीच्या खाली घुसते, काकू. अडकते, वर्षानुवर्षं ताण साठतो, आणि एक दिवस सुटतो."

"कळलं," मी म्हणाले. "सासू-सून, एकच स्वयंपाकघर."

"मग तुम्ही वरची प्लेट की खालची?"

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या. आतून आवाज आला, "वरची मी!"

*

त्याच मुक्कामात सुजाता ज्वालामुखीच्या राखेची पिशवी ओट्यावर विसरली. दुसऱ्या दिवशी धावत आली, तर सासूबाईंचं पितळी पातेलं लखलखत होतं.

"आजी, ती राख संशोधनाची होती!"

"मग झालं की संशोधन! पितळेला उत्तम. आणखी आण."

पोरगी रागावली नाही. पुढच्या फेरीत दोन पिशव्या आणल्या, एकीवर ‘आजींसाठी’ लिहून.

*

पाक यांतो, म्हणजे आपल्याकडचे यांतोराव, हे ह्यांचे इंडोनेशियन सोबती. एकदा डोंगरावरचं एक यंत्र मुकं झालं. दोघं धापा टाकत चढून गेले, तर त्याच्या सोलर पॅनेलवर कुणीतरी छत्री बांधलेली!

जवळच्या वाडीतली म्हातारी म्हणाली, "भर उन्हात तापत होतं बिचारं."

पाक यांतोंनी हात जोडून तिचे आभार मानले, आणि छत्री शेजारच्या दगडाला बांधली. म्हणाले, "आजी, हा जास्त तापतो!" म्हातारी खूश. तेव्हापासून ती त्या यंत्राला कुणाला हात लावू देत नाही.

*

एकदा हे वरच्या यंत्रापाशी गेलेले असताना डोंगर धुमसायला लागला. फोन लागेना, यंत्रांचे संदेश तेवढे रेडिओने येत होते. सुजाता मला ऑफिसात घेऊन गेली. स्क्रीनवर प्रत्येक यंत्राची एक रेघ. वरच्या सगळ्या वेड्यासारख्या थरथरत होत्या, पायथ्याच्या शाळेतली तेवढी जवळजवळ शांत. सुजाताने माझा हात सोडला नाही.

बऱ्याच वेळाने त्या शांत रेघेवर ठळक टोकं उमटली. धप, धप, धप. थांबलं. पुन्हा धप, धप, धप.

सुजाता ताडकन उठली. "काकू, डोंगर असा ठेक्यात हलत नाही! यंत्राशेजारी कुणीतरी उड्या मारतंय. खाली, शाळेत! आपले काका खाली आलेत, तेच कळवतायत!"

मी स्क्रीनला हात जोडले. डोळे पुसले. मग तोंडातून निघालं,

"अगं, पण ह्यांचे गुडघे!"