खंडेनवमीचा शब्द

चढण्याआधी ते चपला काढायचे, गाड्याच्या प्रत्येक चाकाला टाच मारून बघायचे आणि आमच्याकडे न पाहताच म्हणायचे, "खालचा जागा आहे का?" खालचा म्हणजे चाकं धरून उभा असलेला मी. "जागा आहे, दादा," असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्यांचा पाय शिडीवर पडत नसे.

नाव सांगत नाही, गाड्यावरचे आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो. त्यांची मुलं दर्पण कॉलनीत राहतात, भली आहेत.

गाडा म्हणजे चाकांवर उभा केलेला उंच लाकडी मनोरा. माथ्यावर कठडा लावलेला पाट. तेव्हा ग्वाल्हेरात, लश्कर भागातल्या रस्त्यांवर, मधोमध तारेवर दिवे टांगलेले असत. तिथं शिडी टेकवायला काही नाही, दिव्यांच्या दुरुस्तीला गाडाच लागे. आता मशीननं वर जाणारा पाळणा आलाय, कमरेला पट्टा, डोक्याला टोप. तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे रियासतीचा पितळी बिल्ला होता, तेच आमचं लायसन. आणि दादांचा एक कायदा होता: वर माणूस असताना गाडा बोटभरही हलवायचा नाही.

टोपी बाजारात एकदा एका शेठजींच्या दुकानापुढे गाडा आडवा आला. गिऱ्हाईक अडलं. शेठजी ओरडले, "अरे भाई, दो हाथ आगे सरका लो!"

वर मी होतो. दादा चाकाशी उकिडवे बसले होते. बसल्या-बसल्या म्हणाले, "सेठजी, ऊपर आदमी है. कद्दू होता तो सरका देता."

सगळा बाजार हसला. मीही वर हसलो, तर खालून ओरडा आला, "हसू नकोस रे, गाडा हलतोय!"

असा माणूस. वडिलांच्या मागं मी कोणाचं ऐकलं असेल, तर ह्यांचं.

मग रियासत गेली, मध्य भारत झालं. काही वर्षांनी तेही मोडलं आणि मोठा प्रांत झाला. आमचं दफ्तर कुठल्या कुठे गेलं, नवे साहेब आले. हुकूम निघाला की जुने बिल्ले रद्द. गाड्यावर चढायचं असेल तर परीक्षा द्या, लायसन घ्या. नाहीतर खाली गाडा धरणारा खलाशी म्हणून राहा.

खंडेनवमीला आम्ही गाड्याची पूजा करायचो. झेंडूची माळ, चाकांना हळदकुंकू. त्या वर्षी पूजा झाल्यावर दादा म्हणाले, "जन्मभर आपण वर चढलो आणि धड खाली आलो. आता ह्यांना शिडी चढून दाखवायची? कोणी परीक्षेला जायचं नाही. सगळे अडले की साहेब झक मारत येईल. ठेवा हात." प्रत्येकानं गाड्यावर हात ठेवून शब्द दिला. माझा हात सगळ्यात आधी पडला.

परीक्षेच्या दिवशी मी घरी बसलो. बायको म्हणाली, "जाऊन तर या. चढता तर येतंच ना तुम्हाला?"

"चढता येतं म्हणूनच नाही जात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नई सडकेवर काम होतं. वर जायची पाळी माझी. मी चपला काढल्या, शिडीला हात घातला. दादांनी मनगट धरलं. हळूच म्हणाले, "तू खाली राहा. तुझ्याकडे लायसन नाही."

"आणि तुमच्याकडे?"

त्यांनी खिशातलं नवं लायसन आत सारलं. चाकांना टाच मारली, शिडीशी उभे राहिले. "खालचा जागा आहे का?"

लोक बघत होते. मी म्हटलं, "जागा आहे." दादा म्हटलं नाही. त्या दिवसानंतर कधीच नाही.

मग एकेक करून बाकीचेही साहेबांकडे जाऊन आले. मला म्हणत, "तू भी दे दे यार, क्या रखा है." मी दिली नाही. त्यांनी मोडला म्हणून माझा शब्द मोडत नाही. नोकरीभर खालीच राहिलो. चाकावरचा हात मात्र कधी ढिला पडला नाही. त्याबद्दल कोणी बोट दाखवून बघावं.

कितीतरी वर्षांनी, ते अंथरुणाला खिळल्यावर, त्यांनी मला बोलावणं धाडलं. गेलो. म्हणाले, "एक विचारू? तू परीक्षा का नाही दिलीस रे? तुझ्यासारखा हलका पाय आपल्यात कोणाचाच नव्हता."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "शब्द तुम्हीच घेतला होता."

"अरे, ते नवमीचं? मला वाटलं, सगळेच गुपचूप देऊन येतील. तूही." मग म्हणाले, "तू खरंच त्या शब्दापायी घरी बसलास?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचं मी काय करणार होतो? पांघरूण सरकलं होतं, ते नीट केलं आणि उठलो.

त्याच थंडीत ते गेले. जुने सगळे आले होते, आळीपाळीनं खांदा देत होते. त्यांच्या मोठ्या मुलानं माझ्यासाठी जागा सोडली. "काका, आइए."

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं. तिरडी पुढं निघाली. मी हात मागं बांधून स्मशानापर्यंत चालत गेलो.