कानशिलावरचा ठोका

"बघ गं, चालू हाय का?"

न्हावऱ्याच्या दूध डेअरीवर मी दुधाचं फॅट मोजते. रोज दूध घालायला येणाऱ्या एक मावशी कॅन ठेवायच्या, पदर मागं सारायच्या आणि माझं बोट धरून आपल्या कानशिलावर टेकवायच्या. तिथं बोराएवढी गाठ होती, सारखी उडायची.

"चालू हाय. तुमच्या म्हशीपरीस हिचाच जोर जास्त," मी म्हणायचे. त्या हसायच्या. तुम्ही असता तर तुमचंही बोट त्यांनी सोडलं नसतं.

गाठीचं कारण गावाला ठाऊक होतं. लेक गाडीला दुधाचा कॅन अडकवत होता, त्याची कड मावशींच्या कानशिलाला लागली. "आई, लय लागलं का?" म्हणत त्यानं फुंकर घातली. त्याच आठवड्यात शिक्रापूरजवळ ट्रकनं त्याला उडवलं. तेराव्यानंतर ही गाठ वर आली. "माझं पोरगं हितं हाय," त्या म्हणायच्या.

गाठ वाढायला लागली तसं मीच दटावून त्यांना शिरूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीला फुगा आलाय. ती बांधून गाठ कापून काढता येईल, नाहीतर आतून तार घालून बंद करता येईल. नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल, पण धक्का लागून फुटली तर फार रक्त जाईल.

मावशींनी एकच विचारलं, "ह्यातलं काय केल्यावर ठोका ऱ्हाईल?"

"काहीच केलं नाही तर."

"मग ऱ्हाऊ द्या."

पण घरात लेकाचं पोर होतं, नुकतं धावायला लागलेलं. ते येऊन आजीच्या तोंडाशी डोकं खुपसायचं. गाठ फुटेल या भीतीनं मावशी त्याला हातभर लांब धरायला लागल्या. पोर रडून रडून दाराशीच झोपायचं. एका सकाळी त्या डेअरीवर येऊन म्हणाल्या, "चल, कापून टाकू. त्येचा बाप गेला, आता आजी बी लांब नगं."

गाठ गेली, टाके सुकले. पुढं एकदा नातू मांडीवर झोपला असताना मावशींनी माझं बोट त्याच्या कानशिलावर टेकवलं. बारीक ठोका लागत होता. "हितं बी हाय गं," म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले, त्यात लाज कसली. मग त्याला डेअरीवर आणलं की त्या आधी माझं बोट त्याच्या कानशिलावर टेकवायच्या.

यंदा मावशी न्यूमोनियानं गेल्या. आता सून दूध घालते. ती कॅन ठेवते तेव्हा नातू टेबलाला टेकतो, मान कलती करतो आणि कानशील पुढं करतो. मी हात पुसते आणि बोट ठेवते.